मामाच्या तोंडात राहिलेलं नाव

मुंजाजी. घ्या, घेतलं नाव. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, ते काय मला माहीत न्हाई का? पण आता माझे दात गेले, मालक बी गेले, कोण येतंय मला बोल लावायला! आन ही गोष्ट त्या नावाबिगर सांगताच येत न्हाई. जे नाव मी उभ्या जन्मात तोंडातून काढलं न्हाई, तेच नाव आमचे मामा सकाळपासून सांजेपस्तोर घ्यायचे. पाणी पाहिजे, तर मुंजाजी. थंडी वाजली, तर मुंजाजी. दुसरा शब्दच राहिला न्हवता त्यांच्याजवळ. आन त्या एका शब्दापायी माझ्या नवऱ्याला भर जत्रेत चोर ठरवलं. ऐका तर मग नीट, मधी बोलू नका.

मामा म्हणजे सटवाजी. ताडकळसहून खाली गोदावरीकडं उतरलं की माळावर आमची वस्ती लागती. सगळी धनगरं, मेंढरावाली. माझे मालक अंगावर पीत होते तवाच त्यांची आई वारली. मामा गेले आन बहिणीचं लेकरू घोंगड्यात गुंडाळून घेऊन आले. मामाला पोटचं काई झालं न्हवतं. केवळामामीनं त्या लेकराला शेळीच्या दुधावर वाढवलं. मी लग्न होऊन आले तवा मी बी त्यांना मामा म्हणायला लागले. सासरा म्हणा, मामा म्हणा, मला तेच होते.

बोलण्यात त्यांचा हात कोणी धरायचं न्हाई. मी नवी नवरी, खाली मान घालून भाकरी थापायलेय, तर हे चुलीपुढं बसून म्हणतात, "बायना, भाकर जाड झाली तर चालंल, पण गप बसू नको बाई. ह्या घरात मुकं माणूस टिकत न्हाई." मी हसले तवा म्हणाले, "हां, दात हायेत तर! मला वाटलं मुंजाजीला फसवलं." असा माणूस. बाजारात नुसता उभा राहिला तरी भवती चार माणसं जमायची. नदीच्या ह्या काठाहून हाक मारली तर पल्याडचा गुराखी ओ द्यायचा.

आन मार्गशीर्षातल्या बिरोबाच्या जत्रेत तर इचारूच नका. त्यांच्या घराण्याकडं भाकणूक होती. आज्यापासूनची. म्हणजे जत्रेच्या दिशी मामांनी आंघोळ करायची, काळं घोंगडं खांद्यावर टाकायचं, अंगभर भंडारा लावायचा, हातात वेताची काठी घ्यायची. ढोल वाजायला लागले की त्यांच्या अंगात देव यायचा. मग कारभाऱ्यानं इचारायचं आन देवानं मामाच्या तोंडानं सांगायचं. पाऊस कसा पडंल, चारा कुठं गावंल, रोगराई येईल का. देवाचा शब्द म्हणजे शेवटचा. त्याच्यावर अपील न्हाई.

रझाकाराच्या सालात मामांच्या तोंडून देव बोलला, "माळ सोडा, बालाघाटाच्या डोंगरात शिरा." सगळी वस्ती मेंढरं घेऊन उठली. मागं वाटेवरची दोन गावं जळाली, आमच्या एका माणसाला खरचटलं न्हाई. तवापासून तर मामांचा शब्द लोक डोळ्याला लावायचे. माझ्या मालकांनी मात्र एकदा हळूच इचारलं, "मामा, देव बोलला का तू?" मामा म्हणाले, "येड्या, देवाला डोळे माझेच लागतात की. धूर मी आदल्या दिशीच बगितला होता." मी त्यांचा देव खोटा म्हणत न्हाई हो. माझ्या बी कपाळाला भंडारा हाय.

आता एडक्याचं सांगते. आमच्यात बिरोबाच्या नावानं एक एडका सोडतात. मोठ्या वळणाच्या शिंगाचा, तगडा नर. त्याच्या गळ्यात पितळी घाटी बांधायची, कपाळाला हळद लावायची, आन मोकळा सोडायचा. तो कोणाच्या बी रानात शिरो, त्याला कोणी काठी लावायची न्हाई. विकायचा न्हाई, कापायचा न्हाई. त्याला कोणी हात लावला तर सगळ्या वस्तीच्या मेंढरावर कोप होतो, असं मानतात. मामांचा त्या एडक्यावर लय जीव. कुठं दिसला न्हाई की शोधत जायचे.

त्या वर्सी दिवाळी नुकती होऊन गेली होती. शाळेचे मास्तर वस्तीवर येऊन सांगून गेले, हैदराबादचं राज्य मोडलं, आता आपण मुंबई राज्यात गेलो. रायभान आमचा कारभारी, तो म्हणाला, "मी तर इथंच बसलोय." सगळे हसले. मामा सगळ्यात जास्ती हसले. आठच दिवसांत हा माणूस मुका होईल असं कोणाच्या स्वप्नात बी आलं न्हाई.

त्या दिशी बाजार होता. मालक आमच्या घरचा एक नर विकायला ताडकळसला गेले होते. दुपार कलली तशी मामी ओरडत आली, "बायना, पळ गं, मामा डोहावर पडलेत!" करंजाचा डोह म्हणजे नदीच्या वळणावरची खोल जागा. काठावर जुनं करंजाचं झाड, त्याच्या मुळ्या पाण्यात उतरलेल्या. तिथं मामा चिखलात आडवे. कमरेपस्तोर भिजलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्याकडं बगितलं आन म्हणाले, "मुंजाजी."

म्हणलं, "बाजारला गेलेत मामा, येतील आता."

"मुंजाजी," म्हणाले. "मुंजाजी, मुंजाजी."

गड्यांनी उचलून घरी आणलं. सांजेला रायभान बोंबलत आला की देवाचा एडका कुठंच न्हाई. इकडं मामा पडले, तिकडं एडका गेला. झालं! बायका कुजबुजायला लागल्या की डोहातल्या आसरा लागल्या म्हणून. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. त्या माणसाला आवडीनं बोलवतात आन आत ओढून घेतात, असं आमच्याकडं समजतात. त्यांनी मामाला ओढलं, बिरोबानं सोडवलं, पण जबान आसरांकडं राहिली. असा निकाल सगळ्यांनी लावला बगा, चुलीपुढं बसल्या बसल्या.

पाय हळूहळू सुधारला. फरफटत का होईना, चालायला लागले. बोलणं काई परत आलं न्हाई. त्यांना सगळं कळत होतं हो! मामी म्हणाली, घोंगडं आणा, तर घोंगडंच आणायचे. मी खोटं बोलले तर डोळ्यानं हसायचे. पण शब्द काढायला गेले की मला बगवत नसायचं. पाणी मागायचं असलं तर आधी ओठ मिटायचे, बरोबर मिटायचे. मग ते ओठ उघडायचे, जीभ वर जायची, खाली यायची, दाताला लागायची, परत माघारी फिरायची. अंधारात कडी चाचपावी तशी ती जीभ आतल्या आत चाचपडत राहायची. कपाळाला घाम यायचा. आन शेवटी निघायचं काय, तर "मुंजाजी". मग स्वतःच्याच तोंडावर डाव्या हातानं मारून घ्यायचे. मामी पदर तोंडात धरून रडायची.

आन दुसरी गंमत ऐका. गंमत कशाची, काटा येतो अंगावर. एकदा शेळीनं त्यांच्या पायावर पाय दिला, तर कचकन शिवी हासडली! अक्षर न् अक्षर धडधडीत. मामी धावत आली, "बोलले! अहो, परत म्हणा, परत म्हणा!" मामांनी तोंड उघडलं. जीभ हलली, ओठ हलले, आन आलं तेच, मुंजाजी. सांजेला आमी बिरोबाची आरती म्हणायला लागलो की ते बी आमच्या संगं सगळी आरती म्हणायचे. आमी गप झालो की त्यांचं बी बंद. मला वाटायचं, ह्यांच्यात दुसरंच कोणी बसलंय, त्याला वाटलं तर बोलतंय, आन आमचे मामा त्याच्या मागं कोंडलेत. ते आतून दार वाजवायलेत आन आमाला ऐकू येईना गेलंय.

मालकांनी बैलगाडीत घालून पिंगळीला नेलं, तिथून आगगाडीनं परभणीला. मामी घाबरत होती म्हणून मी बी गेले. दवाखान्यातला डॉक्टर हैदराबादकडचा होता, भला माणूस. त्यानं मामाला म्हणलं, "फूँक मारो." मामांनी गाल हलवले, ओठ वाकडे केले, फुंकर काई निघाली न्हाई. मग त्यानं कपात गरम चहा दिला. मामांनी कप तोंडाशी नेला आन फू फू करून मस्त फुंकलं. डॉक्टर म्हणाला, "देखा? जबान को कुछ नै हुआ."

मालकांनी इचारलं, मग बोलत काहून न्हाईत? डॉक्टरनं मालकाच्याच कपाळाच्या डाव्या बाजूला, कानशिलाच्या जरा वर बोट ठिवलं. म्हणाला, इथं आतमधी एक जागा असती. काय बोलायचं ते माणसानं ठरवलं की ओठ कवा मिटायचे, जीभ कुठं टेकवायची, वारा कवा सोडायचा, हे सगळं ती जागा एकापाठोपाठ एक जुळवून देती. तिथली रक्ताची नस तुंबली. शब्द डोक्यात हायेत, जीभ बी धडधाकट हाय, पण मधला जुळवणारा गेला. सवयीचं, पाठ झालेलं, रागाच्या भरात निघालेलं कवा कवा आपोआप येतं. ठरवून आणायला गेलं की येत न्हाई. आन हे एकच नाव काहून? तर तो म्हणाला, ते मी पक्कं सांगू शकत न्हाई, पण कवा कवा असं होतं की नस तुंबली त्या घडीला जो शब्द तोंडात तयार होता, तोच मागं राहतो.

मामीला त्यातलं काई उमगलं न्हाई. तिनं एवढंच इचारलं, "औषध?" डॉक्टरनं न्हाई म्हणून मान हलवली. आमी परत आलो.

परत आल्यावर मामांनी एक खूळ घेतलं. कोणी बी समोर आलं की त्याची बाही धरायचे आन नदीकडं ओढायचे. "मुंजाजी, मुंजाजी" करत, फरफटत. डोहाकडंच. मालकाला तर सोडायचेच न्हाईत. मामी पाया पडायची, "नका हो जाऊ, त्या बोलवायल्यात तुमाला!" सगळ्यांनी तेच धरलं, आसरा बोलवायल्यात. एकदा मामा एकटेच निघाले तर गड्यांनी उचलून आणले आन कमरेला दोरी लावून बाजेला बांधले. मालक बी त्यांच्यात होते. काय करतील? ज्या माणसानं वाढवलं त्याला पाण्यात मरू द्यायचं का? मामा बाजेवर बसून नदीच्या दिशेनं बगत राहायचे. एवढा बोलका माणूस आन कुत्र्यासारखा बांधलेला. मी ताक द्यायला जायची तवा माझ्याकडं असं बगायचे की मला त्यांच्या डोळ्यांचं भ्या वाटायला लागलं.

तशात जत्रा आली. आन जत्रेच्या तोंडावर मेंढरांना देवीचा रोग लागला. तोंडाला, आचळाला फोड, कोकरं पटापट मरायली. लोक म्हणाले, देवाचा एडका कोणी तरी मारला, त्याचा हा कोप. देवालाच इचारा. मी म्हणलं, "मामाला बोलता येईना, इचारणार कोणाला?" रायभान म्हणाला, "मामाला येईना, देवाला येतंय. आरती कशी येती?" ह्याच्यावर काय बोलायचं!

मामाला आंघोळ घातली, घोंगडं पांघरलं, भंडारा लावला. काठी उजव्या हातात राहीना, म्हणून डाव्यात दिली. ढोल सुरू झाले. मामांनी जत्रेचं गाणं म्हणलं, ढोलाच्या संगं, सगळंच्या सगळं. लोकांच्या अंगावर रोमांच आले, माझ्या बी आले, खोटं काहून बोलू? मग ढोल थांबले आन रायभाननं हात जोडून मोठ्यानं इचारलं, "देवा, तुझा एडका कोणी नेला?"

मामांचे डोळे एकदम मोठे झाले. इतक्या दिवसांनी कोणीतरी त्यांना बरोबर तेच इचारलं होतं. ते मला आता कळतंय. सगळा जोर लावला त्यांनी, मानेच्या शिरा तटतटल्या, ओठ मिटले, उघडले, जीभ चाचपडली, आन बाहेर पडलं, "मुंजाजी!"

मामा जोरजोरानं मान हलवायला लागले, न्हाई, न्हाई म्हणून. काठी नदीकडं करायला लागले. "मुंजाजी! मुंजाजी!" जेवढं न्हाई म्हणायला जावं तेवढं तेच नाव निघायचं. लोक म्हणाले, बगा, देव कसा खवळलाय. कोणीतरी म्हणलं, "त्याच दिशी बाजारात एडका विकला की मुंजाजीनं." विकला होता की! पण आमच्या घरचा, डाव्या कानाला कातरलेला, सगळ्यांनी बगितलेला.

मी पुढं झाले. पदर सोडला, लाज सोडली. डॉक्टर काय म्हणाला ते सगळं ओरडून सांगितलं, की हे त्यांच्या हातात न्हाई, हे नाव आपोआप निघतंय. रायभान म्हणाला, "मग मुंजाजीच काहून? रायभान काहून निघत न्हाई? केवळा काहून निघत न्हाई?" डॉक्टरला देव कळत न्हाई, असं म्हणून मला मागं ढकललं.

मालक सरळ मामापुढं गेले आन म्हणाले, "मामा, मी केलं का? तू सांग. तू न्हाई म्हण, मला दुसऱ्या कोणाचं काई पडलं न्हाई." मामा रडायला लागले. दोन्ही डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, भंडारा सगळा ओघळला. तोंड उघडलं आन म्हणाले, "मुंजाजी."

वाळीत टाकलं आमाला. आडावर पाणी न्हाई, चुलीला इस्तू न्हाई, आमची मेंढरं दुसऱ्यांच्या संगं चरायची न्हाईत. मालकांनी दुसऱ्याच दिशी घोंगडं खांद्यावर टाकलं आन पिंगळीला गेले, रेल्वेच्या रुळावर खडी टाकायच्या मजुरीवर. जाताना म्हणाले, "चल." मी म्हणलं, "मी न्हाई येत. चोराची बायको म्हणून इथून निघू? माझी खेटरं निघतील! तुमचं नाव धुऊन निघाल्याबिगर मी हलणार न्हाई." ते म्हणाले, "माझं नाव आता कशानं धुणार, बायना? ज्यानं ते मला ठिवलं त्याच्याच तोंडून गेलंय." पुन्हा ह्या वस्तीत पाय ठिवणार न्हाई म्हणून सांगून गेले. धनगराचा गडी, आन मेंढरं सोडून खडी उचलायला गेला.

मी राहिले. नदीत झरा उकरून पाणी आणायची, आमची थोडी मेंढरं एकटीच चारायची. मामी चोरून भाकर द्यायची आन तोंड फिरवून जायची, ती बी भ्यालेली. आन बाजेवरून मामांचा आवाज दिवसभर माझ्या पाठीमागं. "मुंजाजी. मुंजाजी." मी झाडायलेय, मुंजाजी. मी दळायलेय, मुंजाजी. घरात नसलेल्या माणसाला कोणीतरी दिवसभर हाका मारायलंय. कधी कधी तर मीच दाराकडं बगायची, आले की काय म्हणून. कानात बोटं घातली तरी ऐकू यायचं. रानात मेंढरामागं गेले तरी ऐकू यायचं, आन तिथं तर मामा नसायचेच.

वैशाखात एका दुपारी माझं डोकं फिरलं. मामी कुठं तरी गेली होती. मी बाजेपुढं जाऊन उभी राहिले आन म्हणलं, "काय बिघडवलं होतं हो तुमचं? बापाच्या जागी मानलं तुमाला! एवढ्या दुनियेत माझ्याच नवऱ्याचं नाव गावलं का?" मामांनी माझा पदर धरला. नदीकडं हात केला. "मुंजाजी," म्हणाले. पण ओरडून न्हाई. रानात माणूस माणसाला मदतीला बोलवतो तसं, शेवटचं अक्षर लांबवून. "मुंजाजीऽऽ."

माझ्या काळजात लख्ख झालं बगा. डॉक्टर म्हणाला होता, त्या घडीला तोंडात तयार असलेला शब्द. अगं बाई, ही तर हाक हाय! त्या दिशी डोहावर मामा कोणाचं नाव सांगत न्हवते, ते हाक मारत होते. मदतीला. आन मालक बाजारात. रायभाननं इचारलं होतं ना, मुंजाजीच काहून? अडचणीत सापडलेला म्हातारा दुसऱ्या कोणाला हाक मारील? रायभानला?

मी दोरी सोडली. म्हणलं, "चला मामा. दाखवा. आसरा धरतील तर दोघांना धरू द्या, मला वाळीत टाकलेलीला कोण इचारतंय." त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. फरफटत, धापा टाकत, मला घेऊन गेले. करंजाच्या डोहात पाणी गुडघ्याएवढं उरलं होतं. त्यांनी झाडाच्या मुळ्यांकडं बोट केलं. मी चिखलात उतरले. भ्या वाटत होतं, कबूल करते, पायाला काई लागलं की वाटायचं कोणीतरी बोटं लावली. मुळ्यांच्या जाळीत हात घातला तर हाताला शिंग लागलं. वळणाचं, मोठं. ओढून निघंना, मुळीत गच्च अडकलेलं. त्याच्या खाली कवटी, हाडं, आन चिखलात रुतलेली पितळी घाटी.

मी वर बगितलं. मामा काठावर बसले होते, माझ्या हातातल्या घाटीकडं बगत. त्यांच्या डोळ्यांपुढं एडका पाण्यात गेला होता, त्याला ओढता ओढता ते हाक मारत राहिले होते, आन त्या हाकेतच त्यांची नस तुंबली. सगळं ठाऊक असलेला एकच माणूस, आन त्यालाच आमी बांधून ठिवला होता.

मी घाटी घेऊन सरळ रायभानच्या दारात गेले आन त्याच्या पायापुढं आपटली. सगळी वस्ती डोहावर धावली. बगितलं, हाडं मोजल्यासारखी उलटीसुलटी केली, मग पारावर बसले. आन काय ठरवलं असंल? म्हणे देव खरंच बोलला होता, मुंजाजीला बोलवा, तो काढील एडका, असं देवाला सांगायचं होतं. वा रे शहाणे! पडलं तरी नाक वर. मी रायभानला म्हणलं, "ज्या तोंडानं चोर म्हणलास ना, त्याच तोंडानं जाऊन बोलवून आण. पिंगळीपस्तोर पायी जा." गेला बापडा. गेला म्हणून अजून त्याला बरं म्हणते.

मालक आले. खडीनं हात फुटलेले, वाळलेले, दाढी वाढलेली. घरात न शिरता सरळ बाजेकडं गेले. मामांनी त्यांना बगितलं मात्र, डावा हात उचलून स्वतःचं तोंड दाबून धरलं. गच्च. बोटं गालात रुतली. आतून आवाज यायलाय, आन ते वरून दाबायलेत. मान हलवायलेत, न्हाई, न्हाई, आता ते नाव घेणार न्हाई. मामी मोठ्यानं रडली.

मालक बाजेपुढं बसले. मामांचा हात धरला आन एक एक बोट सोडवून खाली घेतला. म्हणाले, "बोल मामा. माझंच नाव हाय ते, तूच ठिवलेलं. त्या दिशी मी न्हवतो. आता हाय."

मामा म्हणाले, "मुंजाजी."

मालक म्हणाले, "ओ मामा. आलो."

"मुंजाजी."

"ओ."

किती येळ चाललं ते मी काई बगितलं न्हाई. मी चूल पेटवली, शेजारणीनं आपण होऊन इस्तू आणून दिला होता. त्यानंतर मामा होते तोवर तसंच. ते म्हणायचे आन मालक जिथं असतील तिथून ओ द्यायचे, गोठ्यातून, रानातून, तोंडात घास असला तरी. भाकणूक बंद झाली. रायभान घोंगडं आन काठी घेऊन मालकाकडं आला होता, आता भाच्यानं चालवावं म्हणून. मालक म्हणाले, देवाला दुसरं तोंड बग.

मामा गेले ते बी ते नाव घेता घेता. मालक उशाशीच होते, शेवटची ओ त्यांनीच दिली.

पण मला जे सांगायचं होतं ते त्याच्या पुढचंच हाय. मामा गेल्यावर मालक भर दुपारी मेंढरं वळता वळता मधीच थांबायचे, डोहाकडं तोंड करायचे आन मोठ्यानं म्हणायचे, "ओ!" मग पुन्हा चालायला लागायचे. कितीतरी वर्सं मी काई बोलले न्हाई. एकदा मात्र राहवलं न्हाई, इचारलं, "कोणाला ओ दिली?" त्यांनी माझ्याकडं बगितलं. म्हणाले, "तुला न्हाई ऐकू आलं?"

त्यांचा चेहरा असा झाला होता की मी म्हणलं, "आलं."